मायक्रोकंट्रोलरद्वारे ध्वनिसंकेताचे वाचन

मायक्रोकंट्रोलरद्वारे ध्वनिसंकेताचे वाचन म्हणजे मोबाईल फोन, रेडिओ, संगणक किंवा ध्वनिवर्धक यांसारख्या उपकरणातून बाहेर पडणारा विद्युतरूपी ध्वनिसंकेत आर्डुइनोसारख्या हौशी मायक्रोकंट्रोलर बोर्डाला देणे, त्याचे अंकांत रूपांतर करणे आणि त्या अंकांवरून आवाजाची पातळी, स्वर किंवा स्वरांत गुंफलेला आदेश ओळखणे होय. या पद्धतीत मायक्रोफोन लागत नाही. उपकरणाच्या इअरफोनच्या छिद्रातून संकेत थेट तारेने घेतला जातो. आवाजाच्या तालावर उजळणारे दिवे, ध्वनिपातळी दाखवणारे मापक आणि फोनवरील कळांनी चालणारी दूरनियंत्रक साधने ही या पद्धतीची परिचित उदाहरणे आहेत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः भंडारा जिल्ह्यासारख्या धानपट्ट्यात, कृषिपंप दुरून चालू-बंद करण्याच्या संदर्भात या पद्धतीला व्यावहारिक महत्त्व आहे.

मूळ तत्त्व

मायक्रोकंट्रोलरला ध्वनी ऐकू येत नाही. त्याला ठराविक क्षणी एका पिनवर किती विद्युतदाब आहे एवढेच मोजता येते. ध्वनिसंकेत हा प्रत्यावर्ती असतो, म्हणजे त्याचा दाब शून्याच्या वर व खाली सतत हेलकावतो. मायक्रोकंट्रोलरच्या पिनला मात्र शून्यापासून त्याच्या पुरवठ्याच्या दाबापर्यंतचेच, म्हणजे केवळ धन बाजूचे, मोजमाप करता येते. त्यामुळे ध्वनिसंकेत वाचण्यासाठी तीन गोष्टी साधाव्या लागतात : संकेत मोजमापाच्या कक्षेत आणणे, तो पुरेशा वेगाने मोजणे आणि आलेल्या अंकांचा योग्य अर्थ लावणे.

आर्डुइनो हा बोर्ड २००५ साली इटलीतील इव्ह्रेआ येथे विद्यार्थ्यांसाठी स्वस्त व सोपे साधन म्हणून विकसित झाला. त्याच्या ऊनो या प्रचलित प्रकारात एटमेगा ३२८पी ही चिप असते. तिची गती १६ मेगाहर्ट्झ, कार्यस्मृती २ किलोबाइट व अॅनालॉग पिना सहा आहेत. तिचा अॅनालॉग-डिजिटल रूपांतरक १० बिटांचा आहे. म्हणजेच ० ते ५ व्होल्ट ही कक्षा तो १,०२४ पायऱ्यांत विभागतो आणि प्रत्येक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची होते. ईएसपी ३२ या अलीकडच्या चिपमध्ये रूपांतरक १२ बिटांचा असून कक्षा ३.३ व्होल्टपर्यंतची आहे.

ध्वनिसंकेताचे स्वरूप

घरगुती उपकरणांच्या 'लाइन आउट' संकेताची प्रमाण पातळी ०.३१६ व्होल्ट (परिणामी मूल्य) मानली जाते. अशा शुद्ध स्वराचे शिखर शून्यापासून सुमारे ०.४५ व्होल्टवर असते, आणि खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतचा हेलकावा सुमारे ०.९ व्होल्ट भरतो. मोबाईलच्या इअरफोन छिद्रातील संकेत आवाजाच्या मांडणीप्रमाणे कमी-जास्त होतो.

लाउडस्पीकरच्या तारांवरील संकेत याहून बराच प्रबळ असतो. ८ ओहमच्या स्पीकरला १० वॅट शक्ती देणाऱ्या वर्धकाच्या तारांवर शिखरदाब साडेबारा व्होल्टच्या पुढे जातो. एटमेगा ३२८पीच्या पिनला शून्याच्या खाली अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक किंवा पुरवठ्याच्या वर अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक दाब सहन होत नाही. त्यामुळे स्पीकरच्या तारा सरळ पिनला जोडल्यास चिप निकामी होण्याची शक्यता असते. शिवाय अनेक आधुनिक वर्धकांत स्पीकरची एकही तार जमिनीच्या (ग्राउंड) पातळीवर नसते. अशा तारेला बोर्डाची ग्राउंड तार जोडल्यास वर्धकच जळू शकतो. म्हणून वाचनासाठी शक्यतो इअरफोन किंवा लाइन आउट हेच निर्गम निवडतात.

जोडणी

संकेत शून्याच्या वर उचलून धरण्यासाठी दोन रोधक व एक धारित्र पुरते. ५ व्होल्ट व ग्राउंड यांच्यामध्ये प्रत्येकी १० किलो-ओहमचे दोन रोधक एकापुढे एक जोडले असता त्यांच्या मध्यबिंदूवर २.५ व्होल्ट मिळतात. ध्वनिसंकेत धारित्रामार्फत या मध्यबिंदूला दिला की तो शून्याऐवजी २.५ व्होल्टभोवती हेलकावू लागतो. धारित्र दिष्ट दाब अडवते व प्रत्यावर्ती संकेत पुढे सोडते. त्यामुळे मध्यबिंदूवरील २.५ व्होल्ट फोनमध्ये शिरत नाहीत. दोन्ही उपकरणांच्या ग्राउंड तारा एकत्र जोडणे आवश्यक असते.

धारित्राचे मूल्य हेतूप्रमाणे ठरते. दोन रोधकांचा एकत्रित रोध ५ किलो-ओहम धरला, तर १० मायक्रोफॅरडचे धारित्र सुमारे ३ हर्ट्झच्या वरचे सर्व स्वर पुढे जाऊ देते. संगीतासाठी हे योग्य ठरते. केवळ फोनच्या कळांचे स्वर वाचायचे असतील, तर ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र अधिक उपयोगी पडते. त्याची सीमा सुमारे ३१८ हर्ट्झवर येते. परिणामी वीजतारांतून शिरणारी ५० हर्ट्झची गुणगुण जवळपास एक षष्ठांश उरते, तर ६९७ हर्ट्झचा सर्वांत खालचा कळस्वर नव्वद टक्क्यांहून अधिक शाबूत राहतो.

०.९ व्होल्टचा हेलकावा ५ व्होल्टच्या कक्षेत मोजला तर जेमतेम १८३ पायऱ्या वापरल्या जातात. ऊनो बोर्डात १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भदाब निवडण्याची सोय आहे. तो निवडल्यास हाच हेलकावा आठशेहून अधिक पायऱ्या व्यापतो आणि वाचन सूक्ष्म होते. मात्र त्या वेळी मध्यबिंदूही सुमारे ०.५५ व्होल्टवर आणावा लागतो. ५ व्होल्टच्या बाजूला ८२ किलो-ओहम व ग्राउंडच्या बाजूला १० किलो-ओहम रोधक लावल्यास मध्यबिंदू ०.५४ व्होल्टवर येतो.

मोबाईलच्या ३.५ मिलिमीटर प्लगवर चार पट्टे असतात. आज प्रचलित असलेल्या रचनेत टोकाकडून अनुक्रमे डावा ध्वनी, उजवा ध्वनी, ग्राउंड व मायक्रोफोन असा क्रम असतो. काही जुन्या फोनमध्ये शेवटच्या दोन पट्ट्यांची अदलाबदल आढळते. जोडणीपूर्वी मल्टिमीटरने खात्री करून घेणे इष्ट असते.

नमुने घेण्याचा वेग

सतत बदलणारा संकेत मायक्रोकंट्रोलर सलग पाहत नाही, तर ठराविक कालांतराने त्याचे नमुने घेतो. हॅरी नायक्विस्ट (१९२८) व क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कार्यातून प्रस्थापित झालेल्या नियमानुसार, संकेतातील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीपेक्षा अधिक वेगाने नमुने घेतले तरच तो संकेत विश्वासार्हपणे ओळखता येतो. ऊनोचा रूपांतरक नेहमीच्या मांडणीत एका नमुन्याला सुमारे १०४ मायक्रोसेकंद घेतो, म्हणजे सेकंदाला साडेनऊ हजारांच्या आसपास नमुने मिळतात. त्यातून सुमारे ४,८०० हर्ट्झपर्यंतचे स्वर वाचता येतात. संगीतातील उंच स्वरांसाठी हा वेग अपुरा असला, तरी ३०० ते ३,४०० हर्ट्झ या पट्ट्यात सामावणाऱ्या दूरध्वनीच्या आवाजासाठी तो पुरेसा आहे.

नियम मोडल्यास केवळ माहिती गळते असे नाही, तर खोटी माहिती निर्माण होते. सेकंदाला ८,००० नमुने घेत असताना ६,६६४ हर्ट्झचा एखादा कर्कश स्वर आत शिरला, तर तो अंकांत १,३३६ हर्ट्झचा होऊन उतरतो. आणि १,३३६ हा फोनच्या कळस्वरांपैकी एक आहे. एकदा अंक बनल्यावर खरा व खोटा स्वर वेगळे करता येत नाहीत. यासाठी पिनच्या अलीकडे १ किलो-ओहमचा रोधक व पिनपासून ग्राउंडला ४७ नॅनोफॅरडचे धारित्र लावतात. सुमारे ३,४०० हर्ट्झच्या वरचे स्वर त्यामुळे उत्तरोत्तर क्षीण होत जातात.

नमुन्यांमधील अंतर काटेकोरपणे सारखे असणेही महत्त्वाचे आहे. साध्या आवर्तनात नमुने घेतल्यास मधल्या कामांमुळे हे अंतर बदलते व वारंवारता चुकीची निघते. म्हणून चिपमधील टायमरच्या ठोक्यावर नमुने घेतले जातात.

अंकांचा अर्थ लावणे

आवाजाची पातळी : सुमारे ५० मिलिसेकंदांच्या अवधीतील सर्वांत मोठा व सर्वांत लहान अंक यांची वजाबाकी केली की हेलकाव्याची उंची कळते. एकच अंक पाहून पातळी ठरवणे ही नवशिक्यांकडून होणारी नेहमीची चूक आहे. मोठ्या आवाजाचा संकेतही प्रत्येक आवर्तनात मध्यबिंदू ओलांडत असतो, आणि नेमक्या त्या क्षणी घेतलेला नमुना शांततेसारखाच दिसतो.

एकट्या स्वराची वारंवारता : संकेत एका सेकंदात मध्यबिंदू किती वेळा वरच्या दिशेने ओलांडतो हे मोजले की शुद्ध स्वराची वारंवारता मिळते. अनेक स्वर एकत्र असल्यास ही रीत उपयोगी पडत नाही.

ठराविक स्वरांचा शोध : कोणते स्वर शोधायचे हे आधीच ठाऊक असेल, तर जेराल्ड गोएर्ट्झेल यांनी १९५८ साली मांडलेली रीत लहान चिपला सोयीची पडते. या रीतीत प्रत्येक स्वरासाठी एक गुणक ठरतो. सेकंदाला ८,००० नमुने असताना ७७० हर्ट्झसाठी तो १.६४५ व १,३३६ हर्ट्झसाठी ०.९९६ येतो. प्रत्येक नमुन्याला 'नवी संख्या = नमुना + गुणक × मागील संख्या − त्याआधीची संख्या' एवढाच हिशेब करायचा असतो. नमुन्यांमध्ये तो स्वर असेल तर झोपाळ्याला योग्य वेळी झोका द्यावा तशी ही संख्या वाढत जाते. नसेल तर ती लहानच राहते. कळस्वरांसाठी २०५ नमुन्यांचा गट घेण्याचा प्रघात आहे. ८,०००च्या वेगाने हा गट २५.६ मिलिसेकंदांत भरतो आणि दोन-दोन बाइटप्रमाणे ४१० बाइट जागा घेतो, जी ऊनोच्या स्मृतीत सहज मावते. अपूर्णांकांची आकडेमोड या चिपला जड जात असल्याने गुणक पूर्णांकांच्या रूपात मांडले जातात.

फोनच्या कळांचे स्वर

अमेरिकेतील बेल दूरध्वनी व्यवस्थेने १९६३ साली कळींचे फोन ग्राहकांसाठी आणले. त्यांत प्रत्येक कळ दोन स्वरांच्या जोडीने ओळखली जाते : एक स्वर कळ ज्या आडव्या ओळीत आहे त्या ओळीचा, तर दुसरा उभ्या ओळीचा.

आडव्या ओळी :
६९७ हर्ट्झ – १, २, ३
७७० हर्ट्झ – ४, ५, ६
८५२ हर्ट्झ – ७, ८, ९
९४१ हर्ट्झ – तारका, ०, हॅश

उभ्या ओळी :
१,२०९ हर्ट्झ – १, ४, ७, तारका
१,३३६ हर्ट्झ – २, ५, ८, ०
१,४७७ हर्ट्झ – ३, ६, ९, हॅश

१,६३३ हर्ट्झची चौथी उभी ओळ सामान्य फोनवर नसते. ५ ही कळ दाबल्यास ७७० व १,३३६ हर्ट्झ हे दोन स्वर एकाच वेळी उमटतात. या आकड्यांपैकी कोणताही दुसऱ्याची पट नाही. मानवी आवाजात मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतील स्वर असतात; त्यांची कळस्वरांशी गल्लत होऊ नये हा या निवडीमागील हेतू होता.

हे स्वर ओळखण्यासाठी ८८७० या क्रमांकाची स्वतंत्र चिपही मिळते. ती ३.५७९५४५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर चालते व ओळखलेली कळ चार तारांवर द्विमान अंकाच्या रूपाने देते. ही चिप वापरल्यास मायक्रोकंट्रोलरकडे केवळ आदेशाची शहानिशा व अंमलबजावणी उरते.

भंडारा जिल्ह्यातील संदर्भ

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा धानासाठी व तलावांसाठी प्रसिद्ध आहे. येथील माजी मालगुजारी तलाव, विहिरी, बोअरवेल व नदी यांवर कृषिपंप चालतात. पऱ्हे टाकणे, रोवणी आणि विशेषतः उन्हाळी धान या काळात बांधीत पाणी टिकवून ठेवणे आवश्यक असते. त्यामुळे वीज येईल तेव्हा पंप सुरू करणे शेतकऱ्याला भाग पडते. महाराष्ट्रात कृषिपंपांना तीन फेजचा वीजपुरवठा चक्राकार पद्धतीने कधी दिवसा, तर कधी रात्री देण्याची व्यवस्था दीर्घकाळ चालत आली आहे. रात्रीच्या पाळीत धुऱ्यावरून अंधारात मोटारीपर्यंत जाताना साप-विंचवाचे भय असते. जिल्ह्याच्या काही भागाला जंगल लागून आहे. २०१३ साली घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प गोंदिया व भंडारा या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. अशा गावांत रात्रीची एक फेरी वाचणे ही केवळ सोयीची बाब राहत नाही.

यावर शेतकऱ्यांनी सर्वत्र अवलंबलेला सोपा उपाय म्हणजे 'ऑटो स्विच'. वीज येताच तो मोटार आपोआप सुरू करतो. मात्र एका रोहित्रावरील सर्व मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की रोहित्रावर अतिरिक्त भार पडून ते जळण्याचा संभव असतो. यामुळे महावितरणने ऑटो स्विच काढून टाकण्याचे व पंपांना कॅपॅसिटर बसवण्याचे आवाहन वेळोवेळी केले आहे. फोनद्वारे नियंत्रण असल्यास वीज आल्यावर प्रत्येक शेतकऱ्याला आपापल्या वेळी मोटार सुरू करता येते. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांची 'नॅनो गणेश' ही मोबाईलद्वारे पंप चालू-बंद करणारी प्रणाली महाराष्ट्रात या क्षेत्रातील अग्रगण्य मानली जाते. तिला २००९ साली नोकिया कंपनीच्या नवकल्पना स्पर्धेत पारितोषिक मिळाले.

हौशी बोर्डावर आधारित रचनेत पंपाजवळ एक साधा फोन ठेवला जातो. इअरफोन जोडलेला असताना येणारा कॉल आपोआप स्वीकारण्याची सोय अनेक साध्या फोनमध्ये असते. शेतकरी घरून कॉल करतो आणि सांकेतिक अंक दाबतो. जीएसएम पद्धतीत दाबलेल्या कळीची माहिती संदेशरूपाने दूरध्वनी केंद्राकडे जाते आणि पुढचा स्वर केंद्र निर्माण करते. तो पंपाजवळील फोनच्या इअरफोन छिद्रातून बाहेर पडतो, मायक्रोकंट्रोलर तो वाचतो आणि रिलेमार्फत स्टार्टरला आदेश देतो.

चुकीचे वाचन व दक्षता

आवाजाच्या तालावर उजळणाऱ्या दिव्याने एखादा ठोका चुकवला तर काही बिघडत नाही. पंपाच्या बाबतीत मात्र एक चुकीचे वाचन म्हणजे कोणी दुरुस्ती करीत असताना मोटार सुरू होणे, किंवा कोरड्या विहिरीत ती चालत राहणे. त्यामुळे स्वर ओळखता येणे पुरेसे नसून, शंका असताना आदेश नाकारता येणे हा अशा रचनेचा खरा निकष आहे. त्यासाठी पुढील नियम पाळले जातात :

– आडव्या ओळीतील नेमका एक व उभ्या ओळीतील नेमका एक स्वर प्रबळ असला तरच कळ मान्य करावी. दोहोंच्या बळात फार तफावत असल्यास ती नाकारावी.
– तीच कळ २०५ नमुन्यांच्या किमान दोन सलग गटांत, म्हणजे सुमारे ५१ मिलिसेकंद, आढळावी. बोलण्याच्या ओघात क्षणभर जुळून आलेली जोडी यामुळे गळून पडते.
– दोन कळांच्या मध्ये शांतता आढळल्याशिवाय पुढील कळ मोजू नये.
– एकाच कळीवर मोटार सुरू करू नये. अनेक अंकांचा गुप्त क्रम ठराविक वेळेत पूर्ण झाला तरच आदेश पाळावा.
– 'बंद' हा आदेश सोपा व 'चालू' हा आदेश कठीण ठेवावा.
– बोर्डाचा वीजपुरवठा खंडित होऊन पुन्हा आला, तर मोटार बंद स्थितीतच राहावी.

विद्युतसुरक्षेच्या बाबी याहून गंभीर आहेत. साध्या ५ व्होल्टच्या रिलेला सुमारे ७० मिलिअँपिअर प्रवाह लागतो, तर एटमेगा ३२८पीच्या पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर व उलट दिशेने लावलेला डायोड आवश्यक असतो. तीन फेजच्या अनेक स्टार्टरांतील कॉइल ४१५ व्होल्टवर चालते. हौशी साहित्यातील रिलेचे संपर्क बहुधा २५० व्होल्टपर्यंतचे असतात. असा रिले स्टार्टरला थेट जोडणे धोकादायक आहे. योग्य क्षमतेचा मध्यस्थ कॉन्टॅक्टर वापरणे व ही जोडणी परवानाधारक विद्युत कारागिराकडून करून घेणे आवश्यक ठरते. 'चालू'चा संपर्क स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर, तर 'बंद'चा संपर्क लाल बटणाच्या एकसर जोडणीत येतो. त्यामुळे हाताने मोटार बंद करण्याची सोय कायम राहते. मोटारीवर काम करण्यापूर्वी मुख्य स्विच पाडणे हा नियम फोनद्वारे चालणाऱ्या पंपांसाठी अधिकच काटेकोरपणे पाळावा लागतो.

मर्यादा

ध्वनीवर आधारित नियंत्रण फोनच्या जाळ्यावर अवलंबून असते. इंटरनेट तंत्रावर चालणाऱ्या नव्या ध्वनिसेवांत कळीची माहिती प्रत्यक्ष स्वराऐवजी वेगळ्या संदेशाच्या रूपानेही पाठवली जाते. अशा वेळी पंपाजवळील फोनमधून अपेक्षित स्वर बाहेर पडेलच याची शाश्वती नसते. यामुळे अलीकडच्या रचनांत फोनऐवजी सिम बसवता येणारे मोड्यूल वापरून लघुसंदेशाद्वारे किंवा इंटरनेटवरून आदेश देण्याकडे कल आहे. तसेच १० बिटांचा रूपांतरक व मर्यादित स्मृती यांमुळे ऊनोसारखा बोर्ड उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण किंवा बोललेले शब्द ओळखण्याच्या कामी येत नाही.

शिक्षणातील स्थान

नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानांतर्गत २०१६ पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग प्रयोगशाळा स्थापन होऊ लागल्या. त्यांत मायक्रोकंट्रोलर बोर्ड व विविध संवेदक विद्यार्थ्यांना हाताळायला मिळतात. ध्वनिसंकेताच्या वाचनात प्रत्यावर्ती व दिष्ट दाब, रोधकांची जोडणी, धारित्राचे कार्य, वारंवारता व त्रिकोणमितीतील कोज्या या पाठ्यपुस्तकात स्वतंत्रपणे शिकवल्या जाणाऱ्या संकल्पना एकत्र येतात. शालेय पातळीवर हा प्रयोग एखाद्या दिव्यापुरता किंवा बॅटरीवर चालणाऱ्या लहान पंपापुरता मर्यादित ठेवणे योग्य मानले जाते. कळ ओळखण्याची व संशयास्पद कळ नाकारण्याची सारी तत्त्वे त्यातही तितकीच स्पष्टपणे अनुभवता येतात.